घुमणारा कोपरा

"तिथे पाय ठेवू नकोस," श्रीरंग म्हणाला.

मी चहाचा ट्रे घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. हॉलच्या फरशीवर जिकडेतिकडे पिवळ्या चिकटपट्टीच्या फुल्या मारल्या होत्या, आणि माझा नवरा त्यांच्यामध्ये गुडघ्यांवर बसून टेपने भिंतीपासूनचं अंतर मोजत होता. सोफा शेजारच्यांकडे गेला होता, टीव्ही बेडरूममध्ये, टीपॉय गॅलरीत. हॉलमध्ये राहिली होती एक खुर्ची आणि दोन स्पीकर.

"मग चहा काय भिंतीवरून चालत आणून देऊ?"

"अगं, फुल्या सोडून कुठेही ठेव पाय."

"फुल्या सोडून जागा दाखव, तिथे ठेवते."

मुजुमदार हसले. हे मुजुमदार पुण्याचे. ज्या दुकानातून श्रीरंगने स्पीकर घेतले, त्या दुकानाने त्यांना पाठवलं होतं. लोकांच्या घरी जाऊन स्पीकर नीट बसवून देणं एवढंच त्यांचं काम. हातात पांढरे सुती मोजे घालून ते स्पीकरला असे धरायचे, की नवजात बाळाला न्हाऊ घालणारी सुईणही इतकी जपत नसेल. मधूनच ते खोलीत उभे राहून एक टाळी वाजवायचे आणि मान तिरकी करून ऐकत राहायचे. पहिल्या टाळीला मला वाटलं, चहा मागतायत.

स्पीकर माझ्या छातीपर्यंत उंच. अक्रोडी रंगाचे, चकचकीत, नवरा-नवरीच्या मागे उभ्या असलेल्या करवल्यांसारखे दोन बाजूंना उभे. खाली पितळी टोकं, टोकांखाली पितळेच्या चकत्या. मागून अंगठ्याएवढ्या जाड वायरी निघाल्या होत्या. डाव्या बाजूची वायर उगाचच वेटोळं करून भिंतीशी ठेवली होती.

"एवढी लांब लागत नाही, तर कापा की," मी म्हणाले.

"नाही वहिनी, दोन्हीकडच्या सारख्याच लांबीच्या हव्यात. एकीला जास्त, एकीला कमी, असं चालत नाही."

"वायरींना चालत नाही होय? माणसांना चालतं."

श्रीरंगने मान वर करून माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा टेप ओढली. त्याला कळलं होतं मी काय म्हणतेय ते. तेवढ्यात माझा मोबाइल वाजला.

"कुंदे, मांजरसुंब्याला आलोय बग," अण्णांचा आवाज. मागे बसचं इंजिन धडधडत होतं. "डायवर वळखीचा निघाला. म्हणला, लोमटे मास्तर, तुम्ही पुढं बसा. सामान टपावर टाकलंय."

"सामान? किती आणलंय?"

"जास्त न्हाई. एक पिशवी. आन् गादी."

फोन ठेवला आणि मी श्रीरंगकडे बघितलं. माणूस दोन दिवसांच्या पाहुणचाराला गादी घेऊन येत नाही.

अण्णा म्हणजे माझे वडील, आंबेजोगाई डेपोचे रिटायर्ड कंडक्टर. आई गेल्यापासून एकटेच राहत. त्या उन्हाळ्यात नळावर पाणी भरताना चक्कर येऊन पडले, शेजाऱ्यांनी उचलून आत नेलं. डॉक्टरांनी मला फोनवर स्वच्छ सांगितलं, यापुढे यांना एकटं ठेवू नका. मी एकुलती एक. तेव्हापासून हा विषय आमच्या घरात भिजत घोंगड्यासारखा पडला होता. श्रीरंग कधीही नाही म्हणाला नाही. तो 'बघू' म्हणायचा. 'नाही' म्हणणाऱ्याशी भांडता येतं हो, 'बघू'शी माणसाने कसं भांडायचं? शेवटी मीच अण्णांना कळवून टाकलं, या, राहायलाच या. आणि श्रीरंगला एवढंच सांगितलं, शनिवारी अण्णा येतायत. तो तेव्हा ट्रान्सपोर्टवाल्याशी फोनवर बोलत होता. त्याने मान हलवली. स्पीकरही शनिवारीच येणार होते, हे त्याने मला सांगितलं शुक्रवारी.

आमचा फ्लॅट औरंगाबादला सिडकोत. एक बेडरूम, एक हॉल, स्वयंपाकघर, आणि बाथरूमकडे जाणारा अरुंद पॅसेज. आम्ही दोघंच. अण्णांची खाट हॉलमध्ये डाव्या भिंतीशी, कोपऱ्यात लावायची असं मी मनाशी ठरवून ठेवलं होतं. लोखंडी घडीची खाट आणूनही ठेवली होती. आता ती पॅसेजमध्ये भिंतीला टेकून उभी होती.

"मांजरसुंबा सोडलं त्यांनी," मी म्हणाले. "दुपारी पोचतील."

"कोण?"

"श्रीरंग!"

"हां, अण्णा. हो. येऊ दे की." तो उठला. "आरसा कुठे आहे गं? बेसिनवरचा."

आरसा कशाला ते थोड्या वेळाने कळलं. श्रीरंग खुर्चीत बसला आणि मुजुमदार भिंतीवरून आरसा हळूहळू सरकवत नेऊ लागले. खुर्चीतल्या माणसाला आरशात जिथे स्पीकर दिसेल, तिथून आवाज भिंतीवर आपटून येतो म्हणे. तिथे कडक काही ठेवायचं नाही.

"दिसला," श्रीरंग म्हणाला. मुजुमदारांनी भिंतीवर फुली मारली.

बरोबर अण्णांच्या खाटेची जागा.

"तिथे खाट येणार आहे," मी म्हणाले.

मुजुमदारांनी श्रीरंगकडे बघितलं. लोखंडी खाट म्हटल्यावर त्यांच्या चेहऱ्यावर कुणी जेवणाच्या ताटात चप्पल ठेवल्यासारखे भाव आले.

"बघू," श्रीरंग म्हणाला.

मी स्वयंपाकघरात गेले आणि उगाचच धुतलेली भांडी पुन्हा धुतली. परत येऊन दारात उभी राहिले. गॅलरीत गेले, रस्ता बघितला, पुन्हा आत आले. मला कुठे थारा म्हणून नव्हता. बसायचं म्हटलं तरी घरात एकच खुर्ची, आणि तिच्यावर बसायची चोरी.

श्रीरंगचीही बाजू सांगते. तो वाळूजला एका कारखान्यात प्रेस शॉपमध्ये होता. दिवसभर पत्र्यावर प्रेस आदळत असतात, कानात बोळे घालूनही डोकं भणभणतं. घरी आला की अर्धा तास पलंगावर नुसता बसून राहायचा, मी काही विचारलं तर ओठांवर बोट ठेवून गप्प राहायला खुणवायचा. कॉलेजात असताना मित्राच्या काकांकडे त्याने असे स्पीकर ऐकले होते. म्हणायचा, "कुंदा, बाई गात होत्या आणि समोर बसल्या होत्या. हात लांब केला असता तर पदराला लागला असता." तेव्हापासून त्याने ध्यास घेतला होता. एखाद्याला आयुष्यात एकच गोष्ट इतकी हवीशी वाटावी, याचं मला लग्न झालं तेव्हा कौतुक वाटलं होतं. त्या शनिवारी मात्र कौतुकाचा एक कणही शिल्लक नव्हता.

"लावतो," मुजुमदार म्हणाले.

श्रीरंगने खुर्चीत बसून दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले. तानपुरे सुरू झाले. आणि मग बाई गायला लागल्या, तेव्हा खोटं कशाला बोलू, माझ्याही अंगावर काटा आला. दोन स्पीकरांच्या मध्ये, जिथे काहीच नव्हतं तिथे, जमिनीपासून हातभर वर त्या बाईंचा गळा होता. श्वास घेतलेला ऐकू येत होता. मी श्रीरंगकडे बघितलं. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं.

मग तबला सुरू झाला. डग्ग्याचा पहिला ठोका पडला आणि डावीकडच्या कोपऱ्यात जाऊन तिथेच घुमत बसला. दुसरा ठोका पडला तरी पहिला गेलेला नव्हता. बाई त्या घुमण्यात बुडून गेल्या. पिपात तोंड घालून कुणी ओरडावं, तसं.

श्रीरंगचा चेहरा पडला. "हे काय?"

"खोली बोलतेय," मुजुमदार म्हणाले. "उजवीकडे पॅसेज उघडा आहे, तिकडून आवाज निघून जातो. हा कोपरा बंद आहे."

मग सुरू झालं सरकवणं. स्पीकर बोटभर पुढे, ऐका. वीतभर मागे, ऐका. तोंडं जरा आत वळवा, ऐका. खुर्ची मागे घ्या. प्रत्येक वेळी पट्टी सोडवायची, नवी लावायची, आणि प्रत्येक वेळी तो डग्गा कोपऱ्यात जाऊन तसाच ठाण मांडून बसायचा. माझ्याकडून घरातल्या सगळ्या गोधड्या मागवून त्या कोपऱ्यात कोंबल्या. काही उपयोग नाही, पुन्हा काढल्या. मुजुमदार म्हणाले, यासाठी जाड पॅनेलं मिळतात, परदेशातून मागवावी लागतात. तोवर असंच. इतक्या वर्षांची वाट पाहून शेवटी हे. श्रीरंग चिकटपट्टीचं रीळ बांगडीसारखं मनगटात अडकवून मटकन फरशीवर बसला. मला त्याची दया आली, आणि दया आली म्हणून रागही आला. माझा बाप रस्त्यात होता आणि हा डग्ग्यासाठी सुतक पाळत होता.

खालून रिक्षाचा हॉर्न वाजला.

अण्णा आधी दिसलेच नाहीत, गादी दिसली. सुतळीने करकचून बांधलेली एवढी मोठी गोल वळकटी, आणि तिच्यामागून वॉचमन ढकलतोय, अण्णा सूचना देतायत. "दमानं. डावीकडून घ्या. हां, चला पुढं." जन्मभर माणसं आत कोंबलेला माणूस, गादी काय मोठी! ती आई-अण्णांच्या लग्नातली गादी होती, दोघांच्या मापाची, चांगली जाडजूड. मी हात लावला तर नव्यासारखी टणक लागली.

"पिंजून घेतली," अण्णा म्हणाले. "खोळ बी नवी शिवली. म्हणलं, कायमचं जायचं तर लोकाच्या घरी आंथरुणाला त्रास कशाला."

"लोकाचं घर?"

"तसं न्हाई गं." त्यांनी हॉलकडे नजर टाकली. फुल्या, वायरी, स्पीकर, पांढरे मोजे घातलेला अनोळखी माणूस. "काय करलालेत हे? पूजा हाय का?"

"अहो, अण्णा आले," मी मोठ्याने म्हणाले. एरवी मी त्याला नावाने हाक मारते, अण्णांसमोर अहो.

श्रीरंगने उठून नमस्कार केला. "या अण्णा. प्रवास बरा झाला ना? जरा पसारा आहे."

"असू द्या श्रीरंगराव." अण्णा फुल्या चुकवत आत आले. त्यांनी गादी वॉचमनच्या हातून घेतली, कुणाच्या पायात येऊ नये म्हणून डावीकडच्या कोपऱ्यात नेऊन उभी केली, आणि दमून खोलीतल्या एकुलत्या एका खुर्चीत बसले. श्रीरंगचा हात आपसूक पुढे झाला आणि मागे आला. मी ते बघितलं. अण्णांनीही बघितलं असावं, कारण ते लगेच उठून उभे राहिले.

"बसा की," मी म्हणाले.

"बसूनच आलोय गं एवढ्या लांबनं."

मुजुमदारांना परत पुण्याला जायचं होतं. ते म्हणाले, एकदा शेवटचं ऐकू आणि आहे तिथे पक्कं करू. त्यांनी गाणं लावलं. बाई गायल्या. तबला सुरू झाला.

डग्गा पडला आणि थांबला. म्हणजे जेवढा वाजायचा तेवढा वाजला आणि गेला. पुन्हा पडला, पुन्हा गेला. बाई आपल्या जागी.

मुजुमदारांनी डोळे मोठे केले. ते कोपऱ्याकडे गेले, गादीपाशी थांबले, तिच्यावर हात ठेवला आणि ओरडले, "हलवू नका! कुणीही हिला हात लावू नका!"

"का हो, काय झालं?" अण्णा घाबरले.

"कापूस! शुद्ध कापूस, आणि एवढा ठासून भरलेला! अहो, बरोबर कोपऱ्यात, बरोबर जाडी. परदेशी पॅनेल काय करेल याच्यापुढे!"

कावळा बसायला आणि फांदी तुटायला गाठ पडली होती. श्रीरंग खुर्चीत जाऊन बसला, पूर्ण गाणं ऐकलं, आणि उठून त्याने अण्णांचे दोन्ही हात हातात घेतले. इतक्या वर्षांत तो त्यांच्याशी 'जेवलात का' याच्यापुढे फारसा बोलला नव्हता.

"अण्णा, तुम्ही आता जायचं नाही. इथेच राहायचं. ही गादी इथून हलता कामा नये!"

उन्हाळ्यापासून ज्या शब्दाची मी वाट बघत होते, तो त्याने असा गादीला बांधून दिला. मला आनंदच झाला, हेही सांगते. मनात म्हणाले, कशाने का होईना, राहा म्हणाला. एवढाच वेळ झाला मला आनंद.

"तुम्ही ऐका अण्णा. बसा इथे." श्रीरंगने त्यांना खुर्चीत बसवलं. "कुठून येतंय गाणं, सांगा."

अण्णांनी लक्ष देऊन ऐकलं. "ह्या डावीकडच्या पेटीतून. उजवी बंद हाय का?"

मुजुमदार लगबगीने उजव्या स्पीकरमागे वाकले, वायर काढली, पुन्हा घट्ट केली. "आता?"

"डावीतूनच येतंय."

त्यांनी दोन्हीकडच्या वायरी अदलाबदल करून लावल्या. "आता उजवीतून यायला लागलं असेल."

"न्हाई बा. डावीच."

मुजुमदारांच्या कपाळावर घाम आला. मीच शेवटी म्हणाले, "अहो, अण्णांचा उजवा कान गेलाय."

श्रीरंग हसला. "मग काय उपयोग. असू दे, हरकत नाही." तो तुसडेपणाने नव्हता म्हणाला. एखाद्या वस्तूत खोट निघाल्यावर आपण 'चालेल' म्हणतो ना, तसं म्हणाला.

"पण यांची ही रोज झोपायची गादी असेल ना?" मुजुमदारांनी विचारलं. "रात्री पसरली, सकाळी पुन्हा उभी केली, तर जागा बदलणार. दर वेळी वेगळं ऐकू येईल."

"नाही नाही, गादी इथेच. अण्णांची खाट पॅसेजमध्ये लावू, दुसरी एखादी गादी आणू फोमची. दिवसा खाट घडी करून ठेवता येईल. काय कुंदा?"

पॅसेज म्हणजे बाथरूमच्या दारासमोर. खाट टाकली की माणसाला अंग तिरकं करूनच जावं लागेल एवढा अरुंद. मी अण्णांकडे बघितलं. ते गादीकडे बघत होते.

"गादी बेस हाय म्हणायची," ते म्हणाले. मग मी दिलेला चहा संपवला, कप हातातच ठेवून म्हणाले, "कुंदे, परतीची गाडी किती वाजता असती गं?"

"परतीची?"

"मी डोळे दाखवायला आल्तो. घाटीच्या सरकारी दवाखान्यात. पर आज शनिवार, डॉक्टर भेटायचे न्हाईत. घरी शेळी हाय, तिला कोण बघणार?"

अण्णांनी आयुष्यात शेळी पाळलेली नाही. तिकिटाचे सुटे पैसेसुद्धा कुणाचे बुडवले नाहीत त्या माणसाने, आणि माझ्यासाठी तो माझ्या नवऱ्यासमोर शेळी पैदा करत होता.

"गादी राहू दे. श्रीरंगरावांच्या कामाची हाय. मला काय, चटई बी चालती."

माझ्या डोक्यात काय झालं ते मला आजही नीट सांगता येत नाही. मी फुल्या तुडवत कोपऱ्यात गेले, गादीच्या सुतळीत बोटं घातली आणि ओढली.

"कुंदा, काय करतेस?" श्रीरंग ओरडला.

"चाललेय. अण्णांबरोबर. गादी अण्णांची आहे."

"अगं, मी कुठे जा म्हणालो? मी तर राहा म्हणतोय!"

"तू गादीला राहा म्हणालास. अण्णांना नाही."

मी त्याला अरे-तुरे केलं, अण्णांसमोर, मुजुमदारांसमोर. अण्णा म्हणत होते, "कुंदे, सोड. आसं करू नये." मी ऐकलं नाही. गादी दारातून निघेना, मी पायाने ढकलली. जिन्याच्या वळणावर ती अडकली, तिच्या एका बाजूला मी आणि दुसऱ्या बाजूला अण्णा. खालच्या मजल्यावरच्या बाई दार उघडून बघायला लागल्या. मी म्हणाले, "बघा बघा, फुकट आहे," आणि गादी खाली लोटून दिली. ती गडगडत पार्किंगपर्यंत गेली.

रस्त्यावर रिक्षा मिळेना. एक थांबला, गादी बघितली आणि म्हणाला, "बाई, गादी तरी येईल नाहीतर माणसं. दोन्ही एकदम नाही."

"हाच घोळ हाय बघा आमचा," अण्णा त्याला म्हणाले. मला हसू आलं आणि रडूही आलं. मी खरंच निघाले होते. आंबेजोगाईला जायचं, तिथे एखाद्या शाळेत नोकरी बघायची, अण्णांना सांभाळायचं. श्रीरंगशिवाय कसं होईल याचा विचार मी करत नव्हते, कारण केला असता तर पाय उचलला नसता. अण्णा गादीवर बसले होते, रस्त्याच्या कडेला, मांडीवर पिशवी घेऊन. त्यांना मधूनमधून चक्कर येत होती, ते सांगत नव्हते, पण डोळे मिटून घेत होते.

श्रीरंग खाली आला. अनवाणी, मनगटात ते चिकटपट्टीचं रीळ तसंच. माझ्याकडे न बघता अण्णांसमोर येऊन उभा राहिला.

"अण्णा, वर चला."

अण्णांनी डोळे उघडले. "एक विचारू का श्रीरंगराव? खरं सांगायचं."

"विचारा."

"मला न्यायला आलाव, का गादी न्यायला?"

मला वाटलं, आता हा पटकन 'तुम्हाला' म्हणेल. कुणीही म्हणेल. आणि ते तोंडदेखलं आहे हे मला कळेल, अण्णांना कळेल, आणि तरी आम्ही दोघं मान हलवून वर जाऊ. श्रीरंग मनगटातलं रीळ फिरवत राहिला. रिक्षावाला मान बाहेर काढून ऐकत होता.

"मला नीट सांगता येत नाही, अण्णा," तो शेवटी म्हणाला. "गादी हवीय, हे खरं आहे. गॅलरीतून तुम्हाला असं रस्त्यावर बसलेलं बघितलं आणि चपला घालायचंही सुचलं नाही, हेही खरं आहे. यात किती गादीचं आणि किती तुमचं, ते मला नाही कळत."

मला त्याच्या श्रीमुखात भडकवावीशी वाटली. एवढं साधं उत्तर नाही देता येत? पण अण्णा हसले. अगदी मोकळं, डेपोत हसायचे तसं.

"बरं केलंत. 'तुमच्यासाठी' म्हणला असताव ना, तर हीच रिक्षा धरून गेलो असतो." ते गादीचा आधार घेऊन उठले. "कुंदे, उचल एका बाजूनं."

"अण्णा, काही गरज नाही तिथे—"

"मी कंडक्टर हाय गं. उभ्या जल्मात एक बी प्रवासी बघितला न्हाई, जो दारात लटकलेल्या माणसाला बघून आपणहून सरकला. आधी आत घुसावं लागतं. मग गाडी चार धक्के खाती, आन् जागा होती. उचल."

श्रीरंगने एक बाजू धरली, मी दुसरी. आम्ही एकमेकांकडे न बघता गादी वर नेली. मागून अण्णा कठड्याला धरून येत होते, "दमानं, डावीकडून" म्हणत.

वर आल्यावर अण्णांनी कुणालाही न विचारता सुतळी सोडली आणि हॉलच्या मधोमध, खुर्ची आणि स्पीकर यांच्यामध्ये, गादी पसरली. पिवळ्या फुल्या तिच्याखाली गेल्या. ते आडवे झाले, डावा कान उशीत खुपसला आणि झोपून गेले. आता जगात काहीही वाजलं तरी त्यांना ऐकू येणार नव्हतं. मुजुमदारांनी आवाज न करता बॅग भरली. श्रीरंगने बटण बंद केलं. मग त्याने पॅसेजमधली खाट उचलली आणि गॅलरीत नेऊन ठेवली.

धक्के चारच बसले असं नाही. पुष्कळ बसले. सकाळी श्रीरंगला गाणं ऐकायचं असायचं आणि अण्णा उठलेले नसायचे. तो दारापर्यंत येऊन परत जायचा, आणि मग दिवसभर माझ्याशी तुटक बोलायचा. अण्णा उठले की गादी वळकटून कोपऱ्यात उभी करायचे, ती कधी बोटभर इकडे व्हायची, कधी तिकडे. श्रीरंग कुरकुरत ती सरळ करायचा. पुढे अण्णाच विचारायला लागले, "बघा बरं, बसली का नीट?" मग अण्णा खुर्चीशेजारी फरशीवर बसायचे, आणि श्रीरंगने त्यांना कधीतरी आपल्या उजव्या हाताला बसवायला सुरुवात केली, म्हणजे त्यांचा चांगला कान त्याच्याकडे यायचा. गाणं चालू असताना त्याला कुणी बोललेलं खपायचं नाही. अण्णा खुशाल बोलायचे.

काही वर्षांनी अण्णा आमच्याच घरी गेले. दुपारचे जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत.

तेरावा झाल्यावर, त्यासाठी आलेली माझी आत्या म्हणाली, "गादी कुणाला तरी देऊन टाका. गेलेल्या माणसाच्या अंगाखालचं अंथरूण घरात ठेवत नसतात."

मी श्रीरंगकडे बघत होते. त्याचा असल्या गोष्टींवर तिळमात्र विश्वास नाही. तो वाद घालेल, गादीला काय झालंय म्हणेल, पिंजून घेऊ म्हणेल, याची मी वाट बघत होते. आणि तो तसं म्हणाला असता तर मी काही बोललेही नसते, इतकी वर्षं झाली होती. त्याने गादी वळकटली, सुतळी बांधली, खांद्यावर घेतली आणि एकटाच जिना उतरला. बराच वेळ आला नाही.

काही आठवडे त्याने गाणं लावलं नाही. मग एका रविवारी सकाळी लावलं. मी स्वयंपाकघरात होते. तानपुरे ऐकू आले, बाई गायला लागल्या, आणि तबला सुरू झाल्याबरोबर डग्गा डावीकडच्या कोपऱ्यात जाऊन घुमायला लागला. पहिल्या दिवशी घुमला होता तसाच.

मी हात पुसत बाहेर आले. "आता इथेसुद्धा मिळतात ती पॅनेलं. मुजुमदारांना फोन करू का?"

"नको."

"मग नवी गादी करून घेऊ. तेवढ्याच कापसाची."

श्रीरंग खुर्चीत डोळे मिटून बसला होता. डग्गा घुमत होता, बाई त्यात बुडत होत्या, आणि त्याने आवाज कमी केला नाही.

"राहू दे कुंदा," तो म्हणाला. "कोपरा रिकामा आहे, तर रिकामा ऐकू येऊ दे."

मी पुन्हा आत गेले आणि ओट्याला धरून खूप रडले.